मोटारीची नाडी : जळण्याआधीचे आवाज ऐकण्याचा इतिहास #धागा

१/
पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे हे गाव वसले आहे. कुष्ठरोग निवारण समितीच्या ‘शांतिवना’मुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी गाढी उन्हाळ्यात क्षीण होते. मग भाजीचा वाफा असो, गोठा असो वा घरावरची टाकी, सारी भिस्त विहिरीवरच्या किंवा बोअरमधल्या विजेच्या पंपावर येऊन पडते.

२/
अशा दिवसांत ‘मोटार जळाली’ हे दोन शब्द कोकणातल्या वा देशावरच्या कोणत्याही गावात अपघाती मृत्यूच्या बातमीसारखे सांगितले जातात. जणू सारे एका क्षणात घडले. वस्तुतः मोटार बहुधा अशी अकस्मात जळत नाही. तिच्या आजाराची लक्षणे अनेकदा आधीपासूनच तिच्या विद्युतप्रवाहात उमटत असतात. ती वाचायला माणूस कसा शिकला, याचा हा इतिहास आहे. आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे नेरे गावापासून एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात.

३/
आरंभ युरोपात झाला. इटलीतील तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग केला आणि १८८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत निकोला टेस्ला यांना आपल्या मोटारीची पेटंटे मिळाली. १८८९ मध्ये बर्लिनच्या एईजी कंपनीतील मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी तीन फेजची, पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटार घडवली. आज विहिरीवर, गिरणीत, कारखान्यात फिरणारी बहुसंख्य यंत्रे तिचीच वंशज आहेत.

४/
या मोटारीची थोरवी तिच्या साधेपणात आहे. बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तांब्याचे वेटोळे असते. आतल्या फिरत्या रोटरला मात्र एकही तार जोडलेली नसते. त्यात तांब्याच्या वा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या असतात आणि वीज त्यांच्यात केवळ प्रवर्तनाने उत्पन्न होते. झिजणारे ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत. परंतु ज्या रोटरला तार जोडलेली नाही, त्याचे दुखणे तारेवर मीटर लावून मोजायचे कसे? पुढील जवळजवळ शंभर वर्षे हा प्रश्न अभियंत्यांपुढे उभा राहिला.

५/
महाराष्ट्रात या मोटारीचे राज्य खोपोलीमार्गे आले. लोणावळ्याच्या परिसरात साठवलेले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली सोडून टाटांच्या खोपोली वीजगृहाने फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईला वीज पुरवण्यास प्रारंभ केला. तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक होते गिरणगाव. तोवर कापडगिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत. एक प्रचंड इंजिन, त्याला जोडलेले लांबच लांब शाफ्ट आणि त्यांवरून यंत्रांकडे उतरणारे पट्टे, अशी ती रचना होती. विजेमुळे एका इंजिनाच्या जागी अनेक मोटारी आल्या.

६/
या बदलाने बिघाडाचे स्वरूपही पालटले. वाफेचे इंजिन आजारी पडले तर ते उघड दिसे : वाफ गळे, पट्टा निसटे, दाब उतरे. मोटार बंद लोखंडी कवचात फिरत असे. तिची तपासणी माणसाच्या इंद्रियांवरच अवलंबून होती. स्क्रू ड्रायव्हरचे टोक बेअरिंगपाशी टेकवून मूठ कानाला लावायची आणि आतली खरखर ऐकायची; कवचावर हात ठेवून ताप जोखायचा; वॉर्निश करपल्याचा वास आला तर तत्काळ बंद करायची. या परीक्षा आजही प्रत्येक वायरमनला ठाऊक आहेत आणि त्या निरुपयोगी मुळीच नाहीत. अडचण एवढीच की वास येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

७/
इंद्रियांच्या मदतीला आलेले पहिले मोठे उपकरण म्हणजे मेगर. इंग्लंडमध्ये सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये इन्सुलेशन तपासण्याचे सुवाह्य यंत्र बनवले. पुढे १९०३ मध्ये ‘मेगर’ हे नाव रूढ झाले. हाताने दांडा फिरवून उच्च दाब निर्माण करायचा आणि वेटोळ्यातून लोखंडी कवचाकडे, म्हणजे जमिनीकडे, किती वीज झिरपते ते काट्यावर पाहायचे. रिवाइंडिंगच्या दुकानात हा शब्द इतका मुरला आहे की ते मुळात एका कंपनीचे व्यापारी नाव होते याचा विसर पडावा.

८/
मेगरला मात्र दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की मोटार बंद करून, तारा सोडवूनच तो लावता येतो. दुसरी अधिक गंभीर. एकाच वेटोळ्यातील शेजारचे दोन फेरे एकमेकांना चिकटले, परंतु कवचाला स्पर्श झाला नाही, तर मेगर निर्दोषतेचा निर्वाळा देतो. चिकटलेल्या त्या चिमुकल्या कड्यात मात्र प्रचंड प्रवाह फिरतो आणि तेथील उष्णता उरलेले इन्सुलेशन झपाट्याने खाऊन टाकते. रोटरच्या तुटलेल्या पट्टीबद्दल तर मेगर काहीच सांगू शकत नाही.

९/
याच काळात मुंबईत दुसऱ्या जातीची मोटारही आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने भारतातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. ती १५०० व्होल्ट डीसीवर चाले. डीसी मोटारीला ब्रश आणि कम्युटेटर असतात आणि तिचे दुखणे तेथे डोळ्यांना दिसते : जादा ठिणग्या, काळवंडलेले तांबे, झिजलेला कार्बन. ही मोटार देखभाल फार मागते, पण व्याधी लपवत नाही. पिंजरा-मोटार देखभाल मागत नाही, आणि व्याधी सांगतही नाही.

१०/
न सांगणाऱ्या या मोटारीचे मौन आधी कागदावर फुटले. १९१८ मध्ये चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने दाखवून दिले की तीन फेजमधील कोणताही असमतोल तीन समतोल घटकांची बेरीज म्हणून मांडता येतो. त्यांतील पहिला मोटारीला योग्य दिशेने फिरवतो. दुसरा, ज्याला ऋण क्रमघटक म्हणता येईल, उलट दिशेने फिरणारे क्षेत्र निर्माण करतो. तिसरा एकाच वेळी तिन्ही तारांत सारखा असतो. निरोगी मोटारीत दुसरा घटक जवळजवळ शून्य असावा. तो वाढला, तर पुरवठ्यात किंवा मोटारीत काहीतरी बिघडले आहे.

११/
याचा अर्थ शेतकऱ्याच्या अनुभवातून सहज उमगतो. तीनपैकी एका फेजचा फ्यूज गेला तरी चालू मोटार लगेच थांबत नाही. ती घुमल्यासारखी आवाज करीत फिरत राहते. तोच भार आता दोन तारांवर येतो, त्यामुळे त्यांतील प्रवाह ढोबळमानाने १.७३ पटीपर्यंत चढतो. उलट फिरणारे क्षेत्र बलवान होते आणि रोटरमध्ये जवळजवळ १०० हर्ट्झचा प्रवाह निर्माण करून त्याला तापवते. यालाच ‘सिंगल फेजिंग’ म्हणतात. स्टार्टरपेटीत बसवला जाणारा प्रिव्हेंटर याच लक्षणावर नजर ठेवतो.

१२/
उष्णतेचा हिशेब निष्ठुर असतो. १९३० च्या सुमारास माँट्सिंगर यांच्या प्रयोगांतून एक ढोबळ नियम पुढे आला. तो आज साधारणपणे असा सांगतात : इन्सुलेशनचे तापमान मर्यादेपेक्षा दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे ३० अंश जादा तापणारी मोटार आपल्या अपेक्षित आयुष्याचा सुमारे आठवा भागच जगेल. ती ‘अचानक’ जळाली असे वाटते, पण तिचे वय रोज थोडे थोडे खर्च होत आलेले असते.

१३/
२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत वीज खेडोपाडी, विहिरींवर पोहोचली. फीडरच्या शेवटच्या टोकाला दाब कमी; तीन फेज मर्यादित तास, कित्येकदा रात्री. यावर गावांनी आपापले तोडगे काढले. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार चालवणे, वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून ‘ऑटो’ बसवणे, उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे. पीक वाळत असता हे तोडगे समजण्यासारखे होते. मोटारीच्या दृष्टीने पाहता, तिचे दुखणे सांगू शकणारी प्रत्येक वाट त्यांनी बुजवली.

१४/
इकडे श्रवणाचे शास्त्र पुढे सरकत होते. १९३९ मध्ये अमेरिकेत टी. सी. रॅथबोन यांनी यंत्राची थरथर किती असली तर चालेल आणि किती असली तर धोक्याची, याचा तक्ता प्रसिद्ध केला. ते एका विमा कंपनीत अभियंता होते, ही बाब बोलकी आहे. यंत्र मोडल्यावर भरपाई कोणी द्यायची हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ‘कानाला बरे वाटत नाही’ हे उत्तर अपुरे पडले. अनुभवी कारागिराच्या कानातली जाण प्रथमच आकड्यांत उतरू लागली.

१५/
आकड्यांपुढची पायरी म्हणजे आवाजातले सूर वेगळे करणे. तिचे गणित १८२२ पासून उपलब्ध होते. फ्रान्सचे जोसेफ फूरिये यांनी उष्णतेच्या अभ्यासात दाखवले होते की गुंतागुंतीचा लहरी आलेख साध्या लहरींच्या बेरजेत मांडता येतो. पखवाज आणि तंबोरा एकत्र वाजत असता जाणकार कान दोन्ही निरनिराळे ऐकतो. तेच काम फूरियेंचे गणित कोणत्याही संकेतावर करते. अडचण होती ती केवळ हिशेबाच्या ओझ्याची.

१६/
ते ओझे १९६५ मध्ये उतरले. जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी हे विश्लेषण शीघ्र करण्याची रीत प्रसिद्ध केली. संकेताची १०२४ मापे घेतली तर सरळ पद्धतीने दहा लाखांहून अधिक गुणाकार करावे लागतात. नव्या रीतीने हे काम दहा हजारांच्या घरात येते, म्हणजे सुमारे शंभरपट हलके होते. या संशोधनामागे शीतयुद्धाची निकड होती. भूकंपमापकांच्या नोंदींवरून भूमिगत अणुचाचण्या ओळखण्याचा प्रश्न तेव्हा चर्चेत होता. भूगर्भाचे ऐकण्यासाठी उपयोगी पडणारी रीत पुढे पंपाचे ऐकू लागली.

१७/
मोटारीच्या बाबतीत खरी किमया अशी की निराळा कान लावावाच लागत नाही. स्टेटरला वीज पुरवणारी तार स्वतःच कान आहे. रोटरची एखादी पट्टी तुटली की पिंजऱ्याची सममिती भंगते. दर फेरीत तुटलेली जागा चुंबकीय क्षेत्रासमोरून जाते आणि मोटारीचे बळ किंचित कमी-अधिक होते. ही सूक्ष्म हेलकावणी चुंबकीय क्षेत्रातून परत स्टेटरच्या प्रवाहात उमटते. ज्या रोटरला तार जोडलेली नव्हती, त्याचा निरोप अखेर तारेवरच येतो.

१८/
एक उदाहरण घेता येईल. चार ध्रुवांची मोटार ५० हर्ट्झवर चालते तेव्हा तिचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. रोटर मात्र १४४० फेरे घेत असेल तर तो ४ टक्के मागे आहे. या अंतराला ‘स्लिप’ म्हणतात. पट्टी तुटली असेल तर प्रवाहाच्या वर्णपटात ५० हर्ट्झच्या उंच शिखराच्या दोन्ही बाजूंस, स्लिपच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे ४६ आणि ५४ हर्ट्झवर दोन लहान शिखरे उभी राहतात. ती मुख्य शिखराच्या शंभराव्या भागाच्या आसपास पोहोचली की जाणकार सावध होतात.

१९/
ही रीत प्रत्यक्ष उद्योगात रुजवण्यात स्कॉटलंडमधील अॅबरडीनच्या संशोधकांचा, विशेषतः विल्यम थॉमसन यांचा वाटा मोठा आहे. उत्तर समुद्रातील तेलफलाटांवर मोटार उघडून पाहणे खर्चिक आणि धोक्याचे होते. तेथे ठिणगी म्हणजे स्फोटाची भीती. नियंत्रणकक्षात तारेभोवती एक चिमटा लावला की दूरच्या मोटारीचा वर्णपट मिळू शकत होता. मोटार चालूच राहत होती.

२०/
दुसरी प्रेरणा अणुऊर्जेची. ९ जून १९८५ रोजी अमेरिकेतील ओहायोमधल्या डेव्हिस-बेस अणुवीज केंद्रात बाष्पजनित्रांना होणारा पाणीपुरवठा तुटला आणि मोटारीवर चालणारे महत्त्वाचे व्हॉल्व्ह ऐन वेळी उघडले नाहीत. दुर्घटना टळली, परंतु बंद कवचातला व्हॉल्व्ह हाकेला ओ देईल की नाही हे आधी कसे कळावे, हा प्रश्न ऐरणीवर आला. त्या दशकात ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत मोटारीच्या प्रवाहावरून व्हॉल्व्हचे आरोग्य ओळखण्याची रीत विकसित झाली.

२१/
स्टेटरच्या दुखण्यासाठी आणखी एक जुने गणित कामी आले. रॉबर्ट पार्क यांनी १९२९ मध्ये तीन फेजच्या राशी दोन अक्षांवर मांडण्याची रीत दिली होती. पोर्तुगालमधील कोइम्ब्रा येथे मार्केस कार्दोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा निदानासाठी वापर केला. निरोगी मोटारीचे तीन प्रवाह या अक्षांवर रेखाटले तर वर्तुळ उमटते. फेरे चिकटले वा पुरवठा बिघडला की वर्तुळ लंबवर्तुळ होते. कागदावरची ही आकृती पाहायला तज्ज्ञाचा कान लागत नाही.

२२/
तरीही ही नाडीपरीक्षा अचूक नाही आणि हे सांगितल्यावाचून इतिहास अपुरा राहील. मोटारीवर भार अगदी कमी असेल तर स्लिपही कमी. १४९४ फेऱ्यांवर ती शिखरे ४९.६ आणि ५०.४ हर्ट्झवर, मुख्य शिखराच्या सावलीत दडतात. ती वेगळी दिसण्यासाठी नोंद अनेक सेकंद अखंड घ्यावी लागते. शिवाय पिस्टनच्या कॉम्प्रेसरसारखा हेलकावणारा भार निरोगी मोटारीतही तशीच शिखरे उभी करतो. त्यामुळे आलेख वाचणाऱ्याला मोटारीला काय जोडले आहे हे ठाऊक असावेच लागते.

२३/
पनवेलच्या लोकलनेही हा प्रश्न नव्याने मांडला. हार्बर सेवा १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली तेव्हा ती १९२५ चीच १५०० व्होल्ट डीसी वीज वापरत होती. एप्रिल २०१६ मध्ये हा मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर गेला. मुंबईच्या नव्या गाड्यांत आता तीन फेजच्या पिंजरा-मोटारी असतात आणि त्यांची फ्रिक्वेन्सी वेगासोबत सतत बदलते. सूरच सरकत असेल तर साधा वर्णपट फिसकटतो. अशा वेळी काळ आणि सूर दोन्ही एकत्र मोजणारे ‘वेव्हलेट’ गणित वापरतात. ग्रोसमान आणि मोर्ले यांनी १९८४ मध्ये त्याची पायाभरणी केली. त्याचा उगमही भूगर्भातील लहरींच्या अभ्यासात होता.

२४/
१९८० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या मोटारींच्या बिघाडांची एक बहुचर्चित पाहणी झाली. तीत बेअरिंगचे दोष सुमारे ४१ टक्के, स्टेटरचे ३७ टक्के आणि रोटरचे १० टक्के आढळले. हे आकडे वीजकेंद्रांतील देखभाल झालेल्या मोटारींचे आहेत. ज्या मोटारींवर हे शास्त्र घडले त्या तेलफलाटांवरच्या, अणुकेंद्रांतल्या मौल्यवान मोटारी होत्या. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीची नोंद कोणी ठेवली नाही. ती जळते, पनवेलसारख्या बाजारपेठेत रिवाइंडिंगला जाते, परत येते. आणि ती का जळाली हे पुष्कळदा विचारलेच जात नाही. कारण कायम राहिले तर नवे तांबेही त्याच वाटेने जाते.

२५/
तरी या सर्व गणिताचा गाभा गावातल्या वायरमनच्या आवाक्यातला आहे. चिमटा-मीटरने तिन्ही तारांतले प्रवाह मोजावेत. ते जवळजवळ सारखे असावेत. दाबातला १ टक्का असमतोल प्रवाहात ६ ते १० पटींनी वाढून दिसू शकतो, म्हणून हा फरक लवकर लक्षात येतो. तफावत मोठी असेल तर प्रश्न उरतो : दोष लाइनचा की मोटारीचा? त्यासाठी वीज पूर्ण बंद करून स्टार्टरवरून मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही तारा एकेक जागा पुढे सरकवतात. फिरण्याची दिशा बदलत नाही.

२६/
मग पुन्हा मोजतात. जादा प्रवाह पूर्वीच्याच लाइनवर राहिला तर दोष पुरवठ्याचा. तो मोटारीच्या तारेबरोबर सरकला तर दोष वेटोळ्यात. फोर्टेस्क्यूंचे गणित १९१८ मध्ये जो भेद करत होते, तोच भेद येथे सहा आकडे आणि एक पाना करतात. पहिल्या बाबतीत तक्रार वीज कार्यालयात न्यायची असते आणि रिवाइंडिंगचा खर्च वाचतो. दुसऱ्या बाबतीत मोटार स्वतःहून बंद पडण्याआधी, पाणी साठवून ठेवून, सवडीने उतरवता येते.

२७/
खोपोलीच्या विजेला शंभरहून अधिक वर्षे झाली. गिरणगावातल्या गिरण्या बंद पडल्या, डीसी लोकल गेल्या, एके काळी प्रयोगशाळेत खोली व्यापणारे विश्लेषण आज बोटभर चिपवर होते. गाढीच्या खोऱ्यात चैत्र-वैशाखात पंप तसाच घुमतो. स्टार्टरपेटीच्या दाराआतल्या बाजूस तारीख घालून तीन आकडे लिहून ठेवण्याची सवय लागली, तर पुढच्या वेळी ‘मोटार जळाली’ याऐवजी ‘मोटार उतरवली आहे, परवा बसवू’ असे सांगता येईल.

(धागा समाप्त)